मागचे पंख पाहिले नाहीत

भरती ओसरली की पार्कर नदीच्या तोंडाशी
खाजणाला वास सुटतो: कुजक्या गवताचा, अंड्याचा,
आणि का कोण जाणे, जरासा काकडीचा.
लेटिसला तो आवडायचा.
मी फक्त त्यात पन्नास वर्षं शिंपले उकरले.

तिची वही माझ्याकडे आली, तिच्या गमबुटांसोबत.
बूट नेल्सन फुर्तादोच्या मुलीला नेमके बसले.
वही कुणाला बसणार?
पानोपानी पतंग. मारलेला एकही नाही,
टाचणी माझ्या बहिणीला शिवणापुरतीच ठाऊक.
तारीख, वारा, भरतीची वेळ, मग नाव.
अठ्ठावीस ऑगस्टला मात्र नावापुढे प्रश्नचिन्ह:
'खाजणपतंग? मागचे पंख पाहिले नाहीत.'

पुढची पानं कोरी.

म्हणून यंदा कपड्यांच्या दोरीवर चादर टांगली,
तिचाच निळसर दिवा लावला
आणि खुर्ची टाकून बसलो, डासांना रक्त देत.

पांढरे पुष्कळ असतात, हे मला या वयात कळलं.
एक आला अगदी धुवट, पंखावर जेमतेम एक ठिपका.
मी उठलो, भिंग घेतलं, वही उघडली.
तो व्हर्जिनियाचा व्याघ्रपतंग:
त्याची पाठ पांढरी, पिवळं फक्त कुशीला.
समासात तिचं बारीक अक्षर:
'पांढरं असणं ही काही ओळख नव्हे.'
शाळेतही ती मला असंच सुनवायची.

आणि ज्याची वाट पाहतोय तो तरी कुठे नावाला जागतो?
आडनाव खाजणाचं, पण मका म्हणू नका, कोबी म्हणू नका,
त्याचे केसाळ सुरवंट पानात पडेल ते खातात.
पणजोबांच्या काळी म्हणे ते खाऱ्या गवतावर उतरले,
खुंटांवर रचायला गंजीच उरली नाही.
तेवढ्या एका उन्हाळ्यावरून नाव पडलं ते पडलंच.
आमच्या गावात माणसांचंही असंच होतं.

नवव्या रात्री तो आला.
पांढऱ्यावर काळे ठिपके, कुणी घाईत मिरपूड उडवावी तसे,
काठाशी जरा दाट.
पंख छपरासारखे उतरते, घट्ट मिटलेले,
खाली काय आहे याचा पत्ता नाही.

गवताची काडी घेतली, आणि तिथेच थांबलो.
इतकं सोपं होतं तर तिने का नाही केलं?
मग आठवलं: त्या ऑगस्टात
चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरायची,
तरी बशी वाजायची.
त्या हातांनी काडी लावली असती तर पंख फाटला असता.

मी लावली. हळूच, पुढच्या पायापाशी.
तो चिडला आणि उघडला:
मागचे पंख झेंडूचे,
पोटही तसंच, वरून ओळीने काळी बटणं,
शेवटचं टोक तेवढं पांढरं.
नर.
मादी असती तर मागचे पंखही पांढरेच,
मग पोटावरच भिस्त ठेवावी लागली असती.
मी मोठ्याने म्हणालो, 'लेटिस, नर आहे.'
अंगणात कुणी नव्हतं. असतं तर बोललो नसतो.

तिचं प्रश्नचिन्ह खोडायला पेन काढलं.
पण माझा पतंग म्हणजे तिचा पतंग नव्हे.
तिच्या चादरीवर कोण बसलं होतं
ते आता त्या रात्रीलाच ठाऊक.
पुढच्या कोऱ्या पानावर लिहिलं:
वारा नैऋत्येचा, भरती पावणेअकराला,
नर, मागचे पंख पाहिले.
अक्षर तिच्यापेक्षा वाईट आलं.

सकाळी चादर काढायला गेलो तर तो तिथेच,
मिटलेला, पांढरा, मिरपुडीचा.
रात्री पाहिलं नसतं
तर मलाही काही सांगता आलं नसतं.

चादर दिवसभर तशीच राहू दिली.
संध्याकाळी फुर्तादोची मुलगी गमबूट घालून आली,
म्हणाली, तुमचं धुणं अजून वाळलं नाही?